लेकीच्या गाडीचे टायर

मुलीचं पावसाळी जाकीट धुवायला घेतलं, तेव्हा मला कळलं की ती पडली होती. डाव्या बाहीचं कोपर घासून आतलं अस्तर बाहेर आलं होतं. ती अंघोळ करून आली तशी मी जाकीट तिच्यासमोर धरलं.

"कधी?"

"परवा. काही नाही गं, गाडी घसरली."

"कुठे?"

"घोडबंदर रोडला. सिग्नलपाशी पांढरे पट्टे असतात ना, त्यांच्यावर. भुरभुर चालू होती."

"आणि मागे काय होतं?"

ती टॉवेलनं केस पुसत राहिली. मग म्हणाली, "टेम्पो. थांबला तो."

मी जाकीट बादलीत टाकलं आणि खुर्चीवर बसले.

माझी मुलगी विजेच्या मोठ्या मनोऱ्यांच्या पायाचं काम तपासते. भाईंदरहून निघायचं, हायवेनं पालघरच्या बाजूला जायचं आणि शेवटी डोंगरातल्या कच्च्या वाटेनं जागेपर्यंत पोचायचं, असा तिचा रोजचा रस्ता. त्यासाठीच तिनं ती उंच मोटारसायकल घेतली होती, डांबरावरही चालणारी आणि मातीतही. चाकांना बटन टायर. बटन म्हणजे रबराचे जाड, सुटेसुटे ठोकळे; ते चिखलात रुततात आणि गाडी पुढे ओढतात. चिखलात ते उत्तमच, पण ओल्या गुळगुळीत पट्ट्यांवर काय करतात ते मी त्या बाहीवर पाहिलं होतं.

"गाडी विकून टाक," मी म्हटलं.

"गाडी विकणार नाही. टायर बदलते."

"मग मी येणार दुकानात."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. तरी येणार."

रविवारी मीरा रोडच्या एका दुकानात आम्ही दोघी उभ्या राहिलो. दुकानदारानं आधी पुढे केला तो टायर दिसायलाच दांडगा होता. बोटभर उंच बटनं, एकमेकांपासून लांब लांब. "मॅडम, ऑफ-रोडवाले सब यही ले जाते हैं," तो म्हणाला. मुलीनं त्यावरून हात फिरवला. तिला तोच आवडला होता हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी चष्मा लावला आणि टायरच्या कडेला उठवलेली अक्षरं वाचली. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की हा सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही.

"हे वाचलंस?"

"आई, ते सगळेच लिहितात."

"इन पे भी लिखा है क्या, भैया?" मी बाकीच्या टायरांकडे बोट केलं.

"नहीं, वो रोडवाले हैं," दुकानदार जरा नाराजीनंच म्हणाला.

मुलगी माझ्यावर चिडली. "तुला वाटतं मी साधे टायर लावावेत, चिखलात अडकावं आणि नोकरी सोडावी."

"मला वाटतं तू घरी यावंस."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. त्यांनी माना खाली घातल्या. मुलीचे कान लाल झाले, पण ती निघून गेली नाही. रस्त्यासाठी मंजूर असलेले दोन प्रकारचे टायर तिनं काढायला लावले आणि उकिडवी बसून पाहू लागली. एकाचं रबर टणक होतं. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ते झिजता झिजत नाही. तिनं नख रोवून पाहिलं, रुतलं नाही.

"टिकेल खूप," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण इतकं टणक रबर पावसात धरत नाही."

दुसऱ्याची बटनं मध्यभागी दाटीनं बसवलेली आणि कडेला मोकळी होती. सरळ जाताना रस्त्याला जास्त रबर लागणार, मातीत कडेची बटनं कामाला येणार. टणक टायरइतका तो टिकणार नव्हता, पण त्या दांडग्यासारखा महामार्गावर भुगाही होणार नव्हता. तो किती वजन पेलतो, कधी बनलाय, सगळं तिनं कडेवर वाचलं आणि उठली. "हाच."

टायर बसवून झाल्यावर दुकानदारानं बजावलं, "नया रबर चिकना होता है. शुरू में आराम से चलाना."

"तू रिक्षानं जा," मुलगी मला म्हणाली.

"मी मागे बसणार."

दुसरं हेल्मेट तिनं माझ्या हातात दिलं.

भाईंदरच्या पुलावर परतीच्या पावसाची सर आली. पूल उतरताना आमच्या पुढची रिक्षा एकदम थांबली. मुलीनं ब्रेक दाबला. मागचं चाक एका बाजूला सरकतंय हे मला कमरेत जाणवलं. मी डोळे मिटले आणि तिचं जाकीट दोन्ही मुठींत धरलं. मग चाकानं रस्ता पकडला. डोळे उघडले तेव्हा रिक्षाचा हूड हात लांब केला तर लागेल इतका जवळ होता.

"बसलीयेस ना नीट?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"बसलेय. चल."

उत्तनच्या बाजूला, वस्ती संपते तिथे, एक लाल मातीची उतरण खाली जाते. नवा टायर चिखलात कसा चालतो ते तिला घरी जाण्याआधी तिथे पाहायचं होतं. मी उतरले आणि ती एकटी गेली. वळणापलीकडे दिसेनाशी झाली, इंजिनाचा आवाज येत राहिला आणि मग तोही बंद पडला.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण वर येत होती. "पोरगी दिसली का हो, गाडीवाली?"

"हाय ना खाली. पडली न्हाय ती, उभी हाय."

तरी मी चपला हातात घेऊन उतरणीवरून धावले. मुलगी खरंच उभी होती. चढावर मधेच थांबून पुन्हा निघता येतं का, ते बघायला तिनं मुद्दाम इंजिन बंद केलं होतं. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिनं हेल्मेट काढलं आणि एकदम रडायला लागली.

"आई, त्या टेम्पोचं चाक माझ्या डोक्यापासून हातभर होतं. मला उठताच येईना."

मी तिला जवळ घेतलं. दोघींचे पाय चिखलात रुतले होते. थोड्या वेळानं मी विचारलं, "कसा आहे टायर?"

"चिखलात आधीच्याइतका नाही. मागून वळवळतो. हळू जावं लागेल." तिनं नाक पुसलं. "पण चालेल मला."

तिनं गाडी चालू केली. चाक जरा फिरलं, माती उडाली आणि गाडी वर चढली. मी मात्र मागे बसले नाही. चिखल संपेपर्यंत चालत गेले, ती पहिल्या गिअरमध्ये माझ्या शेजारून येत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. ते टायर अजून आहेत, मधली बटनं झिजत आलीत. पुन्हा घसरलीस का, असं मी तिला अधूनमधून विचारते. ती नाही म्हणते, आणि ते खरं असेल असं मी धरून चालते.