माझ्या आजारपणात भाऊजींचा हात

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी मला तीनदा नळीत फुंकायला लावलं, मशीनमधून निघालेला कागद बघितला आणि विचारलं, "चुलीपुढं किती वर्षं बसलात?"

"तीस."

"मग हा सीओपीडी आहे."

म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. बरा होत नाही, सांभाळता येतो. मी बिडी ओढली नाही, तंबाखूला शिवले नाही, तरी मला झाला. म्हणून चुलीवाल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. माझ्या चुलत दिरांसाठीही लिहिते आहे. त्यांनी हे वाचावंच.

वर्षभरानं येडगावच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला. हे मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीनं देतं. डॉक्टरांनी बजावलं, "फ्लो, म्हणजे मिनिटाला येणारा ऑक्सिजन, दोन लिटरच ठेवायचा. बोटाच्या ऑक्सिमीटरवर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव बास. त्यावर नको."

तिसऱ्या दिवशी भाऊजी, म्हणजे हेच चुलत दीर, बघायला आले. करोनात गावच्या सेंटरवर राबले होते, तेव्हापासून अर्धे डॉक्टर.

"वहिनी, नव्वद? करोनात नव्वदवाल्याला आमी गाडीत घालून पळवत व्हतो. अठ्ठ्याण्णव पायजे."

मी नको म्हणाले. त्यांनी बटण फिरवून फ्लो पाचवर नेला. आकडा चढला तसे खूश झाले. एक हात बटणावर ठेवून दुसऱ्या हातानं मोबाइलवर फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'वहिनींची लेवल ९८. काळजी नसावी.'

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी मी उठेना. हाक मारली की काहीबाही बरळायची. भाऊजी म्हणाले म्हणे, "झोपूंद्या, लई दिसांनी शांत झोपल्यात." माझी सून रूपाली हिनं ऐकलं नाही. तिनं गाडी काढायला लावली.

दवाखान्यात एबीजी केली. मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू मोजतात. दुखतं, आधीच सांगते. माझ्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. आमच्यासारख्यांना ऑक्सिजन जास्त झाला की असं होतं, आणि माणूस झोपेतच जाऊ शकतं. मला बायपॅप लावलं. तोंडावर घट्ट मास्क बसवून हे मशीन श्वास आत ढकलतं.

जरा भानावर आले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "फ्लो कोणी वाढवला?"

रूपाली औषधं आणायला गेली होती. आमचे हे खाली मान घालून उभे.

"वहिनींनीच वाढवला आसंल," गाडीतून सोबत आलेले भाऊजी म्हणाले. "बायका कुठं ऐकत्यात, सायेब."

मास्कमधून बोलता येत नाही. मी नुसतं ऐकलं. चार दिवस बायपॅपनं मला जगवलं असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर त्या वाक्यानं जगवलं. मला घरी जाऊन या माणसाला धडा शिकवायचा होता.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. भाऊजींचा तो फोटो नारायणगावातून मोठा छापून आणवला आणि मशीनच्या वर चिकटवला. खाली रूपालीकडून लिहून घेतलं, 'असं करू नका.' फोटोत त्यांचं तोंड नाही, नुसता हात आहे, पण बोटात पुष्कराजाची अंगठी आहे. ती अख्ख्या गावाला ठाऊक. येणारा प्रत्येक जण बघायचा, ओठ दाबून हसायचा आणि जाताना भाऊजींच्या दारावरून जायचा. मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी भाऊजी आले.

"वहिनी, उतरवा की त्यो फोटो. पोरीला बघायला पावणं येनारंत."

मी डॉक्टरांचाच प्रश्न विचारला. "फ्लो कोणी वाढवला?"

त्यांनी अंगठीचा हात पाठीमागं घेतला. "म्या."

"ह्यांना ऐकू न्हाई गेलं."

"म्या वाढवला, दादा," ते आमच्या ह्यांना म्हणाले.

आता रात्री बायपॅप लावते, दिवसा दोन लिटरवर भाजी निवडते. रूपालीचे आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी असं मशीन आलं तर बटणावर चिकटपट्टी लावा आणि आकडा डॉक्टरांनाच विचारा.

भाऊजींना मात्र मी माफ केलेलं नाही. पोरीसाठी म्हणून कात्री मागवली आणि फोटोतला हात तेवढा कापून काढला. पाचवरचा फ्लो भिंतीवर तसाच आहे. हात ऑक्सिमीटरच्या डबीत जपून ठेवलाय, अंगठीसकट. डिंकाची बाटली शेजारीच आहे.