फ्लूचे पत्रक आणि माझा ताप

मी पत्रके वाचत मोठा झालो. त्यामुळे जगातला कोणताही प्रश्न कागदाच्या दोन बाजूंत सुटतो, अशी माझी खात्री होती. गणपतीच्या तोंडावर आमच्या जामसंडे गावात तापाची साथ आली, तेव्हा मी लगेच लिहायला बसलो. फ्लू विषाणूने होतो, अँटिबायोटिकने जात नाही. ताप असेल तर घरी थांबा. गरोदर बाईने लस घ्यावी आणि ताप आलाच तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मजकूर चोख होता. आजही त्यातला शब्द बदलणार नाही.

आमच्या वाडीत चतुर्थीला सगळे मिळून घरोघर आरतीला जातात. न गेलेला माणूस वर्षभर टोमणे ऐकतो. पत्रकांचे वाटप तेव्हाच करायचे ठरले. त्या सकाळी माझे अंग मोडून आले होते, कणकण होती, घसा खवखवत होता. मी त्याला धावपळीचा थकवा म्हटले. झांज वाजवत पंधरा घरे फिरलो, प्रत्येक घरी जिभेला बोट लावून पत्रक सुटे करून दिले आणि "ताप असेल तर घरी थांबा" हे खोकत खोकत समजावलेसुद्धा.

आमच्या घरी मात्र एकही दिले नाही. घरच्यांना काय सांगायचे, हा तोरा. आणि घरात वहिनी सात महिन्यांची गरोदर.

दोन दिवसांनी ती तापाने फणफणली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कोणाला ताप?" दादा "नाही" म्हणाला. मी खोकला रुमालात दाबला.

"बाळाची हालचाल?"

"सकाळपासून कमी वाटतेय," वहिनी म्हणाली.

तेव्हा मी आरतीच्या सकाळपासूनचे सगळे सांगून टाकले.

डॉक्टरांनी मला मास्क देऊन बाहेर बसवले, बाळाचे ठोके तपासले आणि रिपोर्टची वाट न पाहता विषाणूवरच्या गोळ्या सुरू केल्या. निघताना वहिनी म्हणाली, "भावजीनू, पत्रक तुमचा, ताप तुमचो, आणि गोळये माका!"

मी पडवीत मुक्काम हलवला आणि तिथूनच पंधरा घरांना फोन केले. मी आजारी होतो, कोणाला ताप आला तर थांबू नका, म्हणून. शेजारचे काका म्हणाले, "मगे आरतेक इलंस कित्याक रे?" मग आरतीला आलोच कशाला, याचे उत्तर माझ्या पत्रकात नव्हते.

चौथ्या दिवशी वहिनीचा ताप उतरला. दादा खिडकीतून ओरडला, "बाळ लाथो मारता!"

मी धावत दाराशी गेलो. "आत येऊ?"

"थंयच रव!" पडवीकडे बोट दाखवत घरातले सगळे एकदम म्हणाले.