मेहुण्याचं थांबणं

मेहुण्याला हाक मारली की तो लगेच ओ देत नसे. क्षणभर गप्प, मग "बोला दाजी." तो वारला आणि महिन्याभरात कारखान्यात तो चालवायचा ते मिलिंग मशीनही तसंच वागू लागलं. टेबल मागे फिरताना क्षणभर खोळंबे, मग हले. गोल कापला की जिथे दिशा पलटते तिथे बारीक पायरी उठे. नख अडकायचं.

दुरुस्ती दाजींकडे आली. कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

"शनिवारी गिऱ्हाईक माल तपासणार," फोरमन म्हणाला. "गोल साफ निघाला नाही तर मशीन भंगारात. काय मिस्त्री, मेहुणा बसलाय काय आत?"

मिस्त्री हसले नाहीत. घरी बायको रोज विचारायची, "दादा आजही थांबला?" ते "हो" म्हणायचे. तिला बरं वाटायचं. त्यांनाही.

आधी त्यांनी सोपं केलं. दिशा पलटताना मोटारीने थोडा जादा रेटा द्यावा, असा आकडा मोटारीला हुकूम देणाऱ्या ड्राइव्हमध्ये भरला. सकाळी गोल साफ. मशीन तापल्यावर उलटी खाच. नुसती लिंपालिंप.

मग केसभर हालचालही दाखवणाऱ्या डायलची सुई टेबलाला टेकवली आणि मोटार जराशी फिरवली. ड्राइव्ह सांगत होता, पोचलो. सुई ढिम्म. मोटार आणि टेबल यांच्या मधेच कुणीतरी थांबत होतं.

कव्हर उतरवलं. टेबल ओढणाऱ्या स्क्रूच्या टोकाला, बेअरिंगमागे, पितळी चकती निघाली. मेहुण्याने कानशीने घासलेली. कडेला त्याची तिरकी खूण. मऊ पितळ, झिजून पातळ झालेलं; तेवढ्या फटीत आधी स्क्रू सरके, मग टेबल हले. बदलली की तो गेला. ठेवली की मशीन गेलं.

शेवटी त्यांनी तशीच पोलादाची चकती घासली. मापली, पुन्हा घासली. बोटं सोलली. नट कसला, भरलेला आकडा पुसला, मशीन तापू दिलं आणि मगच ड्राइव्ह नव्याने जुळवला.

शनिवारी गोलावरून नख सरळ घसरत गेलं.

"गेलं बुवा भूत," फोरमन म्हणाला.

घरी बायकोने पाणी पुढे केलं. "अहो, दादा थांबला आज?"

मिस्त्रींचे ओठ हलले. शब्द मागेच राहिला.

तिचा हात तसाच पुढे राहिला. "असं नका करू," ती हळूच म्हणाली. "तो असंच करायचा."