मल्लव्वाची वाटी

मल्लव्वा आपली भाकरी कधी आत बसून खात नसे. दुपारी फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन ती फाटकाबाहेर येई, बाभळीखाली रस्त्याकडे तोंड करून बसे आणि खाऊन झाल्यावर तोंड पुसून, पदर दोनदा झटकून मगच आत जाई. पदराला भाकरीचा एक कण राहिलेला तिला चालत नसे. तेवढा वेळ आत पांढऱ्या कोंबड्या जाळीला छाती लावून ओरडत असत. ते ओरडणं ऐकून नवख्या माणसाच्या घशाखाली घास उतरला नसता. मल्लव्वाच्या मात्र व्यवस्थित उतरे.

अक्कलकोट रस्त्याला, सोलापूरची वस्ती संपते तिथं आमचा निवारा आहे. सोडवून आणलेली गाढवं, कुत्री, बकऱ्या आणि कोंबड्या. कोंबड्यांचं सगळं मल्लव्वाकडे होतं. बाई मैंदर्गीची, लिंगायत, तरुणपणीच नवरा गेलेला. जन्मात अंड्याला हात लावला नव्हता आणि नोकरी मिळाली ती कोंबड्यांची. भावकीतल्या बायका तिच्या हातचं पाणी घ्यायला का-कू करत. "नगं तर नगं. माझं पानी वाचलं की," ती म्हणे.

मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. समोरच्या घरी रविवारच्या रश्श्यासाठी आणलेला एक गावठी कोंबडा निसटून माझ्या गच्चीवर आला आणि पहाटे चारला आरवायला लागला. समोरचे म्हणाले, आता तुम्हीच कापा. ते काही मला जमेना, म्हणून मी तो पिशवीत घालून निवाऱ्यात नेला. खरं सांगायचं तर दया वगैरे काही नव्हती, मला झोप हवी होती. मल्लव्वानं त्याला उचललं, छातीचं हाड अंगठ्यानं चाचपलं आणि खाली सोडलं. "ह्यो जगतोय. तुमचं तोंड का असं उतरलंय, अण्णा? शुगर हाय काय?" खरंच होती. त्यानंतर मी औषधपाण्याच्या मदतीला रोज जायला लागलो, ते आजतागायत जातो. त्या कोंबड्यानं पहिल्याच आठवड्यात माझी पोटरी फोडली.

येणाऱ्या प्रत्येक पाखराची छाती ती अशीच चाचपे आणि त्याच्या तोंडावर त्याचं भविष्य सांगे. "ही संक्रांत बगत न्हाय." बहुतेक वेळा ते खरं व्हायचं. पांढऱ्या कोंबड्या म्हणजे ब्रॉयलर. मंगळवेढ्याच्या रस्त्याला त्यांचा टेम्पो उलटला, लोकांनी हाताला लागतील तेवढ्या घरी नेल्या आणि उरलेल्या आमच्याकडे आल्या. ही जातच माणसानं अशी करून ठेवली आहे, की तिला भूक कधी पुरे म्हणत नाही. खाईल तेवढं मांस चढतं, मग पाय मोडतात, नाहीतर छाती फुटून जातं पाखरू. दीडेक महिन्यात कापायची वस्तू, तिला म्हातारपण कोण कशाला देईल? जगवायचं तर उपाशी ठेवायचं, एवढा एकच उपाय होता. मल्लव्वाकडे अ‍ॅल्युमिनियमची एक पोचे पडलेली वाटी होती. सकाळी एक माप, संध्याकाळी एक माप. माप संपलं की ती वाटी उपडी करून दाखवी आणि म्हणे, "साकु!" कानडीत साकु म्हणजे पुरे. कोंबड्यांना ते कधीच पटलं नाही.

भेट द्यायला येणारी माणसं चिडत. एक बाई तर रडवेली होऊन म्हणाल्या, "अहो, किती भुकेल्यात त्या! तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"उपाशी हायत म्हनून हायत, बाई," मल्लव्वा म्हणाली आणि त्यांच्या हातातली मक्याची पिशवी काढून घेऊन गाढवांकडे गेली.

त्यांतली एक लंगडी कोंबडी मल्लव्वाच्या पायात पायात फिरे. तिचं नाव हावरी. मल्लव्वा खाली बसली की ती मांडीवर चढायची, आणि मल्लव्वा तिला थोपटत कानडीतून घाणेरड्या शिव्या द्यायची.

दर सर्वपित्री अमावास्येला मल्लव्वा नवऱ्याच्या समाधीवर दिवा लावायला मैंदर्गीला जाई. त्या वर्षीही गेली. मीही घरीच होतो, वडिलांचं पान होतं. फाटकावर नागनाथ हा राखणदार एकटा. दुपारी शहरातले एक गृहस्थ केळीच्या पानावर सगळा स्वयंपाक वाढून घेऊन आले. वर्षभरापूर्वी त्यांचे वडील गेले होते. दहाव्याला कावळा शिवला नव्हता, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवावी लागली होती, आणि तेव्हापासून या माणसाला धड झोप नव्हती. घराच्या गच्चीवर आताशा कावळा फिरकत नाही, निवाऱ्यात मात्र पुष्कळ असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नागनाथनं फाटक उघडलं. नंतर तो मला म्हणाला, "बापाचं पान हातात घेऊन हुबा हुता मानूस. न्हाय कसं म्हनायचं, सायेब?"

पान जाळीच्या कडेला ठेवलं. कावळे झाडावर बसून राहिले. गृहस्थांनी हात जोडून वडिलांना एकेक वचन दिलं, बहिणीला बोलावतो म्हणाले, भांडण मिटवतो म्हणाले. कावळा काही खाली येईना. जाळीच्या आत मात्र पांढऱ्या कोंबड्या अन्नाच्या वासानं वेड्या झाल्या होत्या. गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले. "पाखरू ते पाखरूच की हो," म्हणाले आणि त्यांनी दाराची कडी काढली. पुरणपोळी, वडे, खीर, भात, क्षणात पान साफ झालं. ते माणूस धाय मोकलून रडलं. अप्पा जेवले, अप्पा जेवले, म्हणत त्यांनी गाडीतला उरलेला डबाही आणून आत ओतला.

मल्लव्वा संध्याकाळच्या गाडीनं परतली तेव्हा मीही पोचलो होतो. भाद्रपदातलं ऊन दिवसभर पत्र्यावर तापलेलं. निम्म्याहून जास्त कोंबड्या मेल्या होत्या, काही मान टाकून धापत होत्या. हावरीचा तुरा जांभळा पडला होता आणि चोचीतून खीर गळत होती. मल्लव्वानं तिची छाती चाचपली, मांडीवर घेतली, थोपटली आणि एका झटक्यात मान मोडली. मग दुसरीची, मग तिसरीची. अंड्याला हात न लावणारी ती बाई. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पेढे घेऊन आले. वर्षानं पहिल्यांदा गाढ झोप लागली, म्हणाले. मला वाटलं, मल्लव्वा गप्प बसेल. झालेलं काही परत येणार नव्हतं. ती त्यांना हाताला धरून मागच्या खड्ड्याकडे घेऊन गेली. कडेला मेलेल्या कोंबड्या रचलेल्या होत्या.

"तुमचे अप्पा जेवून गेले. आता ह्यांचं उष्टं तुमीच काढा."

इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेल्या त्या माणसानं एकेक कोंबडी पायाला धरून खड्ड्यात ठेवली, वर माती ओढली. मी म्हणालो, "मल्लव्वा, बास आता." ती म्हणाली, "ह्यास्नी झोप लागली, अण्णा. माजी गेली." पेढ्याचा पुडा तिनं कुलूप लावून कपाटात ठेवला. त्या माणसाची मला अजून कीव येते, आणि तिचं वागणं मला आजही चूक वाटत नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र बाई बेबंद होती. साखर माझ्यापेक्षा दुप्पट, आणि गुळाची शेंगापोळी दिसली की डॉक्टर विसरायची. मी रागावलो तर म्हणे, "मी काय पांडरी कोंबडी हाय व्हय?" गेल्या उन्हाळ्यात ती घरीच गेली, छातीत कळ येऊन.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा डबा घेऊन फाटकाशी आला. डब्यात शेंगापोळ्या होत्या. आईच्या नावानं तिच्या कोंबड्यांना एक एक घास घालायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. नागनाथ माझ्याकडे बघायला लागला. आत उरलेल्या पांढऱ्या जाळीला छाती लावून ओरडत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"अण्णा, तुमाला काळीज हाय का न्हाय? लेकरावानी संबाळलंय आईनं ह्यास्नी."

"म्हणूनच नाही."

तो फाटकाचा गज धरून उभा राहिला. म्हणाला, "शेवटच्या दिशीबी पोळी मागितली तिनं. दोन खाल्ल्या. आनि एक दे म्हनली, दिली. आईला न्हाय कसं म्हनायचं?"

मी बाहेर आलो आणि फाटक माझ्यामागे ओढून घेतलं. बाभळीखाली आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून बसलो. त्यानं डबा उघडला, मी अर्धी पोळी मोडून घेतली, उरलेल्या त्याला खायला लावल्या. खाऊन झाल्यावर मी सदरा दोनदा झटकला, आत गेलो आणि कोंबड्यांची वेळ होईपर्यंत ते ओरडणं ऐकत बसलो. मग तिची पोचे पडलेली वाटी घेतली, एक माप घातलं, वाटी उपडी करून दाखवली.

"साकु," मी म्हणालो. त्या ओरडतच राहिल्या.