आक्काचा दुसरा अहवाल

आक्का गेली त्या दिवशी फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात निबंधाच्या वह्या गोळा करत होतो. फोन तिच्या प्रयोगशाळेतल्या धर्मेशभाईंचा होता. एरवी माझ्याशी हिंदीत बोलणारा हा माणूस त्या दिवशी गुजरातीतच बोलत राहिला. "सर, तमे जल्दी आवो... बेनने कंई थई गयुं छे." मी बरं म्हटलं. उरलेल्या दोन रांगांच्या वह्या घेतल्या, हजेरीच्या क्रमाने लावल्या, सुतळीने बांधल्या आणि पंखा बंद करून निघालो. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी अकराला मशीन चालू करून ती खुर्चीत बसली, ती तिथेच एका बाजूला कलली. मी कागदांवर सह्या केल्या. एका ठिकाणी 'मृताशी नाते' असं लिहिलं होतं, तिथे 'भाऊ' लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, एवढंच आठवतं.

या गोष्टीला आता सात आठवडे होतील. स्मशानात कोणीतरी मागून म्हणालं, "रोज एक्स-रेच्या मशीनपाशी बसायची ना, किरण लागले असतील." मला उत्तर माहीत होतं. ते यंत्र शिशाच्या काचेच्या बंद कपाटात असतं आणि कपाटाचं दार उघडलं की किरण आपोआप बंद होतात. हे आक्कानेच मला दहा वेळा सांगितलं होतं. पण ते तिथे बोलावंसं वाटलं नाही... अजूनही फारसं काही वाटत नाही. या अंकाच्या संपादकांनी तिच्यावर लिहायला सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे.

सुमन हे तिचं नाव. आम्ही अमळनेरकडचे. नाना, म्हणजे आमचे वडील, इकडे गुजराती मुलखात, नवागामात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती. आक्का तिन्ही भाषांत हट्टी होती. कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, मुलीला डी.एड. करू द्या. डी.एड. शेवटी मी केलं. ती शिकत गेली आणि धाग्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली.

तिच्या पहिल्या पगारानंतर नाना तिची प्रयोगशाळा बघायला गेले होते. मीही बरोबर होतो. पॉलिस्टरच्या धाग्यांची एक लहानशी जुडी तिने यंत्रात ताणून बसवली होती. नानांनी काचेतून बराच वेळ पाहिलं आणि ती इथे बघते तरी काय, ते अहिराणीत विचारलं, "मंग तू आठे काय देखस वं?" ती म्हणाली, "नाना, धाग्याच्या आतलं डोळ्याला दिसत नाही. त्याच्यातून किरण सोडायचे. आतले रेणू जसे रांगेत बसलेले असतील, तसे किरण इकडेतिकडे फाकतात. कुठे फाकले त्याचे ठिपके इथे उमटतात. ठिपक्यांवरून आतली रांग ओळखायची." नानांनी जुडीतला एक सुटा धागा मागून घेतला, दोन बोटांत पिळला, ताणला आणि म्हणाले, "चांगला शे." आक्का हसत सुटली. पडद्यावरचे ठिपकेही तेच सांगत होते.

आता जे सांगायचं आहे, ते ती असताना सांगितलं असतं तर ती माझ्यावर चिडली असती की नाही, कळत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी एका डाईंग मिलमध्ये कापडाचा भला मोठा रोल उचलताना त्याला बांधलेला पॉलिस्टरचा पट्टा तुटला. रोल खाली उभ्या असलेल्या एका कामगाराच्या पायावर पडला आणि त्याचा पाय गेला. पट्टा बांधणारा भगवान नावाचा माणूस होता, जालन्याकडचा. त्याने प्रमाणाबाहेर वजन उचललं म्हणून पट्टा तुटला, असं मिलवाल्यांचं म्हणणं. भगवान म्हणत होता, पट्टाच खराब होता. तपासणीसाठी पट्टा आक्काकडे आला. तुटलेलं टोक वेगळ्या पाकिटात होतं आणि त्यावर 'कापू नये' अशी चिठ्ठी होती. म्हणून आक्काने दुसऱ्या, धड टोकाचे धागे काढले आणि तपासले. ठिपके नेटके आले. 'धाग्यात दोष आढळला नाही', असा अहवाल तिने सही करून दिला. भगवानला कामावरून काढलं.

महिन्याभराने कपाट आवरताना ते पाकीट तिच्या हाती आलं. त्या संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली. "अरे, कापायची गरजच नव्हती," ती म्हणाली. "किरणांना कुठे कापावं लागतं? तुटलेल्या टोकाला धागे लोंबताहेत, ते तसेच बसवता आले असते. मी सोयीचं टोक घेतलं."

दुसऱ्या दिवशी तिने ते टोक तपासलं. ठिपके विसकटून गेलेले होते. मग पट्टा वीतभर, वीतभर सरकवत तिने सगळा तपासला. फक्त मधला हातभर भाग बिघडला होता, आणि पट्टा तिथेच तुटला होता; पाकिटातलं टोक तिथलंच होतं. ती मिलमध्ये गेली. पट्टा टांगायची खुंटी वाफेच्या पाइपाच्या वरच होती. काम नसेल तेव्हा पट्ट्याचा मधला भाग त्या पाइपावर पडून राहायचा, महिनोन्‌महिने वाफेत शिजायचा.

तिचे वरिष्ठ म्हणाले, अहवाल गेला, विषय संपला, आता स्वतःहून चूक कशाला काढता? हे त्यांचं झालं. पण मीही तेच म्हणालो होतो. "जाऊ दे ना आक्का. कोण विचारतंय?" तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी कोण आहे ते आठवत नसल्यासारखं पाहिलं. "सही माझी आहे," एवढंच म्हणाली. दुसरा अहवाल तिने दिला. पहिला आपल्या चुकीमुळे अपुरा होता, हे त्यात पहिल्याच वाक्यात लिहिलं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. भगवान तेव्हा चलथाणला उसाच्या कामावर होता. एका रविवारी मी तिला मोटारसायकलवरून तिथे नेलं. झोपड्यांच्या रांगेपुढे तो दाढी करत बसला होता. आक्का उभ्या उभ्याच म्हणाली, "भगवानभाऊ, पट्टा खराब होता. तुमची चूक नव्हती. माझी होती."

त्याने अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "म्या तवाच सांगितलं व्हतं ताई."

"हो. तुम्ही सांगितलं होतं."

आतून त्याची बायको बाहेर आली. तिने पाणी दिलं नाही, बसा म्हटलं नाही. "हितं येऊन काय उपेग? गावाकडं समदे म्हणत्यात, ह्यांनीच त्या माणसाचा पाय घालवला. तिथं कोन सांगनार?"

"मी सांगते. सासऱ्यांचा फोन लावा."

फोन लागला. म्हातारबाबांना ऐकू कमी यायचं. आक्का म्हणाली, "बाबा, तुमच्या मुलाची चूक नव्हती. तपासणीत माझी चूक झाली." पलीकडून आवाज आला, "काय? कुनाची?" ती मोठ्याने म्हणाली, "माझी!" पुन्हा, "कुनाची?" आजूबाजूच्या झोपड्यांतून माणसं बाहेर येऊन बघू लागली होती. भर उन्हात, घशाच्या शिरा ताणून, माझी आक्का ओरडत होती, "माझी चूक झाली बाबा... माझी!" तिसऱ्यांदा म्हाताऱ्याला ऐकू आलं. मग म्हणाला, "पारावर समद्यांना सांगतो."

भगवान त्या मिलमध्ये परत गेला नाही. आता हजीऱ्याकडे कुठेतरी काम करतो. आक्काच्या तेराव्याला तो बायकोसह आला होता. जेवला, पंगतीत वाढायला लागला, आणि जाताना मला म्हणाला, "ताईंचा आवाज लई मोठा व्हता." मी हो म्हटलं. तिचा आवाज खरं तर मोठा नव्हता.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेलो. चष्म्याचं घर, स्वेटर आणि डबा, एवढंच निघालं. धर्मेशभाई आतून पिशवी आणेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. टेबलाशी एक नवीन मुलगी होती. तिने आक्काला पाहिलेलंही नसेल. एक माणूस दोराचा तुकडा घेऊन आला. मुलीने त्याच्यापुढे फॉर्म सरकवला. फॉर्म छापील होता, पण सगळ्यात वर एक ओळ हाताने लिहिलेली, झेरॉक्स काढून काढून फिकट झालेली. इंग्रजी फॉर्मवर मराठीत: 'नमुना नेमका कुठून घेतला?' ठ आणि घ एकाच मापाचे, प्रश्नचिन्हाखालचा ठिपका गोल. नवागामच्या त्या खोलीत एकाच पाटीवर आम्ही दोघं गिरवायचो, तेच अक्षर.

त्या माणसाला मराठी येत नव्हतं. कुठून घेतला ते दाखवल्याशिवाय नमुना घेत नाही, असं मुलगी त्याला गुजरातीत म्हणाली, "क्यांथी लीधुं छे, ए बतावो. आना वगर अमे लेता नथी."

त्याने पिशवीतून बाकीचा दोर काढला, टेबलावर पसरला आणि जिथे तुटला होता तिथे बोट ठेवलं. मुलगी ते फॉर्मवर उतरवून घेऊ लागली. धर्मेशभाई पिशवी घेऊन आले, "चालो सर," म्हणाले. मला उठता आलं नाही. मी म्हटलं, थांबा जरा... तिचं लिहून होऊ दे.