जर्मनला मंजुरी

शनिवार, बारामतीतल्या शाळेची पालकसभा. हजर: मुख्याध्यापक, जर्मनच्या बाई, वर्गभर पालक, त्यांतलीच मी आणि कळस गावचे डाळिंबवाले आबा.

आबा कधी खुर्चीवर बसत नाहीत. दाराला टेकून उभे राहतात आणि प्रत्येक वाक्याआधी "माझं काय म्हणणं हाय" म्हणतात. नववीला जर्मनच्या परीक्षेची सक्ती नको, हे म्हणणं त्यांचंच. लेक चाचणीत नापास झाली, आता शाळाच नको म्हणते. "ज्याला हौस हाय त्यानं शिकावं की, ताई. सक्ती कशाला?" मला पटलं. विरोधाचे मुद्दे मी काढले.

मुख्याध्यापकांनी सक्ती चालू ठेवण्याचा ठराव वाचला. साखर कारखान्याच्या सभांत आयुष्य गेलेल्या आबांनी ठराव संपताच सवयीनं हात वर केला. "मंजूर, मंजूर!" त्यांच्यामागोमाग सगळे पालक तेच ओरडले. माझे मुद्दे हातातच राहिले.

मी कपाळाला हात लावला. "आबा, काय केलंत हे? आता फेरविचाराचा अर्ज देऊ. पहिली सही तुमची."

"सही करतो की. पण पोरीला सकाळीच सांगून बसलोय, जर्मन सुटलं म्हणून. आता खरं काय ते तुमीच सांगा, ताई."

अर्ज मी सोमवारी दिला. पोरीला मात्र अजून ना आबांनी सांगितलंय, ना मी.