ऑनर्सची मुलं आणि सड्यावरचा माणूस

दिल्लीहून एम.ए. करून मी रत्नागिरीला परत आले, तेव्हा माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. समुद्राकाठी गोल करून बसलेली मुलं, मधोमध एखादं पुस्तक आणि तावातावाने चाललेला वाद. मिळालं ते असं : कॉलेजच्या मागच्या अंगाची नऊ नंबरची खोली, एक गळका माठ आणि अकरा मुलं. दवाखान्यात नंबर लावून बसतात, तशी ती माझ्याकडे बघत बसली होती.

हे नव्याण्णव सालचं. पहिल्या वर्गात पास होणाऱ्या मुलांसाठी कॉलेजने 'ऑनर्स मंडळ' काढलं होतं. महिन्याला एक चर्चा, दोन महिन्यांनी एक सहल. प्राचार्यांनी ते माझ्या हाती दिलं आणि सांगितलं, "मॅडम, मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येईल. मुलांनी स्वतः केलेलं एक तरी खरं काम दाखवता आलं, तर मंडळ राहील. नाहीतर बंद."

मी म्हटलं, "एक काय सर, दहा दाखवू." तेव्हा मी फार बोलायचे.

कामं दहा झाली नाहीत, किस्से झाले. अजूनही चार ऑनर्सवाले एखाद्या लग्नात भेटले, की एकजण सुरू करतो, दुसरा त्याला आपला जोडतो आणि पंगत उठली तरी आम्ही तिथेच. सांगताना सगळे हसतात. सांगून झालं की हात धुवायला मात्र कुणी एकटं उठत नाही.

०००

पहिल्या चर्चेचा विषय मीच ठरवला, 'भुताखेतांवरचा विश्वास'. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याखाली माझं एक ठेवणीतलं वाक्य : 'जे लपवून ठेवतात, ते ज्ञान नव्हे.'

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पंखा तेवढा बोलत होता.

शेवटी सुगंधा उभी राहिली. ही राजापूरच्या बाजूच्या एका गावातली, हॉस्टेलला राहायची. वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत कमी बोलणारी.

"मॅडम, दुसऱ्या खोलीत बसूया का?"

"का गं? ही काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्यासमोरच कसं बोलायचं?"

मी हसले. एकटीच.

पुढच्या आठवड्यात मी प्राचार्यांकडे गेले आणि माठ गळतो म्हणून खोली बदलून मागितली. कुठला माठ, किती गळतो, त्यांनी काही विचारलं नाही. सात नंबरच्या खोलीची किल्ली त्यांनी आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

०००

सहलीआधी घरच्यांची लेखी परवानगी हवी, असा कॉलेजचा नियम. मी छापील फॉर्म वाटले. खाली ओळ होती, 'माझ्या पाल्यास सहलीस पाठविण्यास माझी हरकत नाही.'

दहा फॉर्म सह्या होऊन आले. सुगंधाचा आला नाही. तिचे वडील मुंबईला नोकरीला, घरचा निर्णय आजोबांचा. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. मी चौकशी केली तर ती म्हणाली, "तात्या कौल लावून मग कळवतील."

म्हणजे गावच्या देवळात देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी संतापले. विवेकाच्या सहलीला पाकळीची परवानगी! त्या दिवशी मी वर्गात अर्धा तास भाषण दिलं. मुलांनी ते नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं.

चार दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर फॉर्म आला. छापील ओळ खोडलेली, शेजारी वळणदार अक्षरात तात्यांनी लिहिलं होतं :

'जाण्याचा कौल उजवा मिळाला. पाठवीत आहे. येण्याचे विचारण्याचे राहून गेले.'

०००

ती सहल वेळणेश्वरची. जयगडची खाडी तरीच्या होडीने ओलांडून, पुढे एसटीने. देऊळ पाहिलं, डबे खाल्ले आणि उन्हं उतरल्यावर मी माझं दिल्लीपासूनचं स्वप्न पुरं करायला घेतलं. सगळ्यांना पुळणीवर गोल करून बसवलं. चपला मागे सुक्या वाळूत, रस्त्याकडे तोंड करून ओळीने काढून ठेवल्या होत्या.

सगळे बसले, पण अफरोज पाठ करून बसली. मांडवीची ही मुलगी. वडील कुवेतला, आजोबा जन्मभर होडीवर तांडेल. तोंड समुद्राकडे, पाठ आमच्याकडे.

"अफरोज, चर्चा इकडे आहे."

"ऐकतेय ना मॅडम. कान मागे आहेत."

"अगं, पण फिरून बस."

"सगळ्यांनी एकदम समुद्राकडे दुर्लक्ष करायचं नसतं. एकाने तरी बघत राहायचं. आमचे आजा सांगतात."

मी तिला गोलात फिरवून बसवलं. शिवाय सगळ्यांना सांगितलं, की तासभर समोरच्या माणसाकडेच बघायचं, समुद्राकडे कुणी नाही. समुद्र कुठे जात नाही.

चर्चा बरी झाली. मी खूश होते. उठलो, कपडे झटकले आणि चपलांकडे गेलो. बाराही जोड जागच्या जागी होते, ओळ तशीच सरळ. फक्त सगळ्या चपलांची तोंडं समुद्राकडे वळलेली होती.

मी म्हटलं, "लाट येऊन गेली असेल."

अफरोजने आपली चप्पल उचलली, तिचा तळ माझ्यासमोर धरला.

"सुकी आहे, मॅडम."

०००

मुलं बोलत नाहीत, हे माझं रडगाणं ऐकून प्राचार्य एकदा म्हणाले, "बोलतात हो. तुम्ही त्यांना तुमच्या पद्धतीने बोलायला लावता. त्यांची पद्धत वापरून बघा."

म्हणून मी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. देवापुढे एकजण मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणतात, तसं. विषय, कॉलेजच्या अडचणी.

सुगंधा उभी राहिली आणि तिच्या तोंडून जे काही सुटलं! "बा देवा, लायब्ररी साडेचारला बंद होते, ती सातपर्यंत उघडी ठेव रे महाराजा." सगळे, "होय महाराजा!" "मुलींच्या नळाला पाणी येऊ दे." "होय महाराजा!" "परीक्षेला जे शिकवलंय तेवढंच विचारू दे." याला तर बाकं वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसून की कशाने ते सांगता येणार नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा खोली जिवंत झाली होती.

मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि आमचं हे मंडळ मार्चनंतर राहू दे रे महाराजा."

या वेळी एकाही मुलाने 'होय महाराजा' म्हटलं नाही.

मागच्या व्हरांड्यातून मात्र सावकाश, भरदार आवाज आला, "होय महाराजा."

मुलं खूश झाली. प्राचार्य स्वतः बाहेर उभे राहून ऐकत होते तर! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसात जाऊन त्यांचे आभार मानले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी काल दिवसभर राजापुरात होतो, मॅडम. आणि मागच्या व्हरांड्याच्या दाराला मी जाताना बाहेरून कुलूप लावून गेलो होतो. बाकी कुणाला बोललात का हे? नका बोलू."

०००

फेब्रुवारी उजाडला. आतापर्यंतच्या चर्चांचा अहवाल मी प्राचार्यांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात समितीपुढे ठेवण्यासारखं काय आहे?"

मी वर्गात येऊन खरं ते सांगितलं. काही सापडलं नाही, तर आपलं मंडळ संपलं.

तास संपल्यावर सुगंधा थांबली. म्हणाली, "मॅडम, आमच्या सड्यावर एक माणूस आहे. कातळात कोरलेला. बाहेरच्या कुणी तो बघितलेला नाही."

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं, काळंभोर कातळ पठार. पुढच्या शनिवारी अकरा मुलं, एक कॅमेरा, छत्तीसचा एक रोल आणि दोन किलो रांगोळी घेऊन आम्ही तिच्या गावात उतरलो. मुक्काम गावच्या शाळेत. तात्या आम्हाला चार वाजता वर घेऊन गेले. वाळकुडा, ताठ माणूस. खांद्यावर टॉवेल.

तिथे नुसती माती पसरलेली होती. तात्या म्हणाले, "दरसाल भातकापणी झाली, की घरटी एक घमेलं माती घालतो आम्ही ह्याच्यावर."

"कशासाठी?"

"घालतो," तात्या म्हणाले.

मुलांनी खराट्याने माती काढली. खालून पाय निघाले, मग लोंबते हात, मग खांदे. पुरुषभर उंचीची आकृती, आणि मानेशी येऊन रेघा थांबलेल्या. वर डोकं नाही. मी गुडघ्यांवर बसून हात फिरवला. मानेच्या वर कातळ सपाट, गुळगुळीत.

अफरोज म्हणाली, "आमच्यासारखाच आहे, मॅडम. हजेरी लावलीय, डोकं घरी."

खाचा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून आम्ही त्यांत रांगोळी भरली. काळ्या दगडावर तो पांढरा माणूस असा लख्ख उमटला, की मुलं आपोआप दोन पावलं मागे सरली. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. मंडळ वाचलं होतं.

मोजायची टेप शाळेत राहिली होती. मी म्हटलं, "सुगंधा, तू आत झोप. तुझ्या उंचीवरून त्याची उंची काढू." तिने आजोबांकडे पाहिलं. तात्या दुसरीकडे बघत होते. ती चप्पल काढून आत आडवी झाली. पाय त्याच्या पायात, हात त्याच्या हातात बरोबर बसले. डोकं तेवढं वरच्या सपाट दगडावर, दोन्ही बाजूंना दोन वेण्या. मी तिचे चार फोटो काढले.

ऊन कलल्यावर तात्या म्हणाले, "बाय, आता माती परत घाला. दिवस बुडायच्या आत."

"तात्या, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो आणखी चांगले येतील. उद्या घालू."

"त्याला असा उघडा ठेवत नाय आम्ही."

मी त्यांना समजावलं. हा ठेवा आहे, जगाने बघायला हवा, लपवून कसं चालेल, असं बरंच काही. ते पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "तुमी शिकलेली मानसं. तुमची मर्जी," म्हणाले आणि उतरायला लागले.

सकाळी बाकीची मुलं चहा घेत होती, तेव्हा सुगंधाला बरोबर घेऊन मी वर गेले. वारा नव्हता. रांगोळी जशीच्या तशी होती. हात, पाय, खांदे.

मानेच्या वर डोकं होतं.

गोल चेहरा. नाक-डोळे नाहीत. दोन्ही बाजूंना खाली उतरत गेलेल्या दोन वेण्या, टोकाशी गाठी.

मुलांचा चावटपणा, असं माझ्या मनात आलं. रांगोळी उरली होती, त्यातून पहाटे कुणीतरी काढलं असणार. मी वाकून फुंकर मारली. रांगोळी उडाली आणि खाली खाच दिसली. बोट घातलं तर पहिलं पेर आत गेलं. खाचेच्या कडा पावसाने झिजून गोल झालेल्या होत्या. तळाशी वाळलेलं, काळं पडलेलं शेवाळ होतं.

सुगंधा शेजारी उकिडवी बसली होती. तिने एक वेणी पुढे घेतली आणि सोडायला लागली. मग दुसरी.

मागून तात्या आले. हातात मातीने भरलेलं घमेलं. बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले, मग नातीकडे, मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे.

"बाय," त्यांनी विचारलं, "काल तुमी फोटो काढलात, तो कुनाचा?"

समितीला जे हवं होतं, ते सगळं त्या रोलमध्ये होतं. कालचा बिनडोक्याचा माणूस, त्याच्यात झोपलेली सुगंधा. आता याचा एक फोटो काढला असता, तर जगात कुणालाच आमचं मंडळ बंद करता आलं नसतं.

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्म सबंध बाहेर ओढली आणि उन्हात पसरली. मग तात्यांच्या हातातलं घमेलं घेतलं.